रोमने ज्यांना छळलं त्यांचाच धर्म रोमचा राजधर्म कसा झाला?

चौकस

नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, इथे इतिहास वाचणारे खूप जण आहेत म्हणून विचारतो. शाळेच्या पुस्तकात एवढंच होतं की नीरोने ख्रिश्चनांना छळलं आणि मग एकदम कॉन्स्टंटाइन ख्रिश्चन झाला, मधली अडीचशे वर्षं गायबच. मला कळत नाही ते असं की रोमन लोक दुसऱ्यांच्या देवांच्या बाबतीत तसे मोकळे होते, इजिप्तची आयसिस चालली, मिथ्र चालला, ज्यूंना पण त्यांच्या पद्धतीने राहू दिलं, मग ख्रिश्चनांनीच नेमकं काय घोडं मारलं होतं? आणि दुसरं म्हणजे ३०३ साली जे सरकार चर्च पाडतं तेच ३८० मध्ये सगळ्या प्रजेला सांगतं की हाच धर्म पाळा. हे फक्त एका सम्राटाला लढाईच्या आधी दृष्टांत झाला म्हणून झालं हे काही पटत नाही. कोणीतरी नीट उलगडून सांगा, लांब प्रतिसाद चालेल.

रानवारा

चांगला धागा काढलात. पहिलं म्हणजे नीरोचं प्रकरण ६४ सालचं, रोम शहरापुरतं. शहर जळलं, लोक सम्राटाकडेच बोट दाखवायला लागले, त्याने खापर ख्रिश्चनांवर फोडलं, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय. अत्याचार भयंकर होते पण त्यातून साम्राज्यभर लागू होईल असा काही कायदा निघाल्याचं दिसत नाही. सगळ्या साम्राज्याला लागू होणारा आदेश थेट २४९-५० मध्ये येतो. मधल्या काळात जे काही झालं ते त्या त्या गावच्या जमावावर आणि त्या त्या गव्हर्नरवर अवलंबून होतं.

सरकारचं डोकं कसं चालत होतं ते बघायचं असेल तर प्लिनी आणि सम्राट ट्राजन यांची पत्रं वाचा. प्लिनी साधारण ११० नंतर बिथिनिया-पाँटसचा गव्हर्नर होता, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा काळ्या समुद्राकडचा पट्टा. ख्रिश्चनांच्या पत्राआधीचं एक पत्र आहे जे फारसं कोणी सांगत नाही. निकोमीडिया शहरात मोठी आग लागते, विझवायला ना बादल्या ना पंप, प्लिनी विचारतो की १५० माणसांचं अग्निशमन पथक काढू का, थोडकेच लोक आहेत, मी लक्ष ठेवीन. ट्राजन नाही म्हणतो. त्याचं म्हणणं, त्या प्रांताला अशा मंडळांनीच त्रास दिलाय, लोक कुठल्याही नावाखाली एकत्र येऊ देत, थोड्या दिवसांत त्याचं राजकीय टोळकं होतं, त्यापेक्षा सामान आणून ठेवा आणि घरमालकांनाच विझवू द्या. आग विझवणारी १५० माणसं ज्या सरकारला नकोत त्याला ठरलेल्या दिवशी पहाटे गुपचूप जमणारे, एकमेकांना शपथेने बांधून घेणारे लोक कसे चालतील?

मग तेच लोक प्लिनीपुढे येतात. तो प्रत्येकाला तीनदा विचारतो, ख्रिस्ती आहेस का, शिक्षेची भीती घालतो, तरी जो हो म्हणेल त्याला मारायला पाठवतो, आणि रोमन नागरिक असेल तर रोमला रवाना करतो. जो नाही म्हणेल त्याने देवांची नावं घ्यायची, सम्राटाच्या मूर्तीपुढे ऊद आणि दारू अर्पण करायची, ख्रिस्ताला शिव्या द्यायच्या, की सुटला. खरं काय चाललंय हे काढायला तो दोन गुलाम बायकांचा छळ करतो, त्यांना मंडळीत सेविकेचं पद होतं. हाती काय लागतं तर पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणणं, चोरी व्यभिचार करणार नाही अशी शपथ, आणि नंतर साधं जेवण, ते जेवण पण मंडळांवर बंदी आल्यावर बंद केलेलं. गुन्हा असा काहीच सापडत नाही. तरी प्लिनी म्हणतो की बाकी काही असो, ही हेकटपणाची वृत्तीच शिक्षेला पात्र आहे. आणि शेवटी समाधानाने कळवतो की ओस पडलेल्या देवळांत परत गर्दी होतेय आणि बळीच्या मांसाला परत गिऱ्हाईक मिळायला लागलंय.

ट्राजनचं उत्तर चार ओळींचं आहे. ह्यांना शोधत फिरू नका, आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा, देवांना पूजून दाखवलं तर सोडा, निनावी तक्रारी घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. पुढे साधारण १९७ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियन ह्या ख्रिस्ती लेखकाने ह्यावर सरळ बोट ठेवलं की गुन्हेगार असतील तर शोधत का नाही, आणि निर्दोष असतील तर शिक्षा का देता.

ज्यूंचं वेगळं होतं. त्यांचा धर्म जुना, बापजाद्यांचा, आणि रोमन माणसाला जुन्याचा मान होता. शिवाय ६६ चं बंड होईपर्यंत जेरुसलेमच्या मंदिरात सम्राटासाठी रोज बळी दिला जायचा. ख्रिश्चन मात्र आपापल्या गावचे देव सोडून आलेले लोक, आणि पाऊस नाही पडला की गाव म्हणणार ह्यांच्यामुळे देव कोपले.

मीनल_वाचते

रानवारा, मस्त प्रतिसाद. २४९-५० चं तुम्ही नुसतं नाव घेतलंत, माझ्या मते सगळ्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेसियस सम्राट झाला तेव्हा डॅन्यूबवर गॉथ लोक घुसत होते, रोगाची साथ पसरायला लागली होती, सम्राट पटापट बदलत होते. त्याने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा आणि दिला असा दाखला घ्यायचा. ह्याच्या आधी २१२ मध्ये कॅराकल्लाने जवळजवळ सगळ्या स्वतंत्र प्रजेला नागरिकत्व दिलेलं होतं, त्यामुळे आता रोमच्या देवांचं देणं हे सगळ्यांचंच देणं झालं होतं. आदेशात मुद्दाम ख्रिश्चनांचं नाव होतं असं दिसत नाही. पण जो माणूस बळी देऊच शकत नाही तो आपोआप उघडा पडला.

त्या दाखल्यांपैकी चाळीसच्या वर इजिप्तच्या वाळूत पपायरसवर टिकून राहिलेत. त्यातला एक ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या म्हाताऱ्याचा आहे, गाव अलेक्झांडरचं बेट, वय ७२, ओळखीची खूण उजव्या भुवईवर व्रण. खाली लिहिलंय की मी देवांना नेहमीच बळी देत आलोय, आता पण तुमच्यासमोर आदेशाप्रमाणे बळी दिला, दारू ओतली, प्रसाद चाखला, तरी आपण सही करावी ही विनंती. मग अधिकाऱ्याची नोंद आणि तारीख, २५० च्या जूनची २६. ठराविक मजकूर, खाली नुसतं नाव गाव बदलायचं. आणि असाच एक दाखला एका मगरदेवाच्या पुजारणीचा पण आहे! जिचं आयुष्य देवळात गेलं तिला पण रांगेत उभं राहून कागद घ्यावा लागला. ह्यावरून कळतं की सरकारला कोण मनात काय मानतो ह्याचं काही पडलेलं नव्हतं, हाताने केलेली कृती आणि त्याचा कागद पाहिजे होता.

आणि ख्रिश्चनांचं काय झालं? खूप जणांनी बळी दिला हो. काहींनी न देता पैसे चारून दाखला मिळवला. काही तुरुंगात गेले, काही मेले. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून बसला आणि तिथून पत्रं लिहून चर्च चालवत राहिला, त्याबद्दल त्याला बोलणी पण खावी लागली. २५१ मध्ये डेसियस गॉथांशी लढताना मेला आणि प्रकरण थंडावलं, पण ज्यांनी बळी दिला त्यांना परत घ्यायचं का नाही, घेतलं तर कोणी घ्यायचं, तुरुंगातून सुटून आलेल्यांनी का बिशपने, ह्यावर चर्च आतून फाटलं. सिप्रियनला पुढे व्हॅलेरियनच्या काळात २५८ च्या १४ सप्टेंबरला मारलं गेलं. व्हॅलेरियनच्या मुलाने, गॅलिएनसने, २६० मध्ये ख्रिश्चनांना त्यांच्या जागा परत दिल्या आणि मग चाळीस वर्षं बऱ्यापैकी शांतता होती, हे पण विसरलं जातं.

वसईकर

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले पण एक गोष्ट मांडावीशी वाटते. दाखले, मंडळांवरची बंदी, प्रशासन, हे सगळं बरोबर आहे, पण असं वाचत गेलं की वाटतं जणू फायलींचा प्रश्न होता. आमच्याकडे लहानपणापासून रक्तसाक्षींची, म्हणजे विश्वासापायी मारल्या गेलेल्यांची, नावं कानावर पडतात, त्यातली पर्पेच्युआ माझ्या फार जवळची. २०३ साल, कार्थेज, बावीस वर्षांची चांगल्या घरची मुलगी, अंगावर पिणारं बाळ. तिने तुरुंगात स्वतः लिहिलेलं टिकून आहे, त्या काळातल्या बाईच्या हातचं असं किती उरलंय सांगा. बाप येतो, विनवतो. ती समोरचं भांडं दाखवून विचारते, ह्याला भांडं सोडून दुसरं काही म्हणता येईल का? नाही ना, तसं मी जी आहे त्याहून दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही, मी ख्रिस्ती आहे. मग सुनावणी. अधिकारी हिलॅरियनस सांगतो, बापाच्या पांढऱ्या केसांकडे बघ, बाळाकडे बघ, सम्राटांच्या कल्याणासाठी बळी दे. ती म्हणते, देणार नाही. मध्ये पडणाऱ्या बापाला तिच्यासमोर काठीने मारतात आणि ते बघून तिला स्वतःलाच मार बसल्यासारखं वाटतं असं ती लिहिते.

ही माणसं बंडखोर नव्हती. पौलाने रोमकरांस पत्रात तेराव्या अध्यायात सरळ सांगितलंय की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, कर द्या. येशूने पण कैसराचं ते कैसराला सांगितलं. टर्टुलियन म्हणतो आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, फक्त सम्राटाची प्रार्थना करत नाही. दुसऱ्या बाजूला त्याच नव्या करारात प्रकटीकरणाचं पुस्तक आहे ज्यात सात टेकड्यांवर बसलेली, संतांचं रक्त प्यालेली बाई आहे, आणि ती कोण हे तेव्हाच्या वाचकाला सांगायची गरज नव्हती. दोन्ही सूर पहिल्या शतकापासून आहेत.

आकड्यांबद्दल पण बोललं पाहिजे. लाखो लोक मारले असं जे सांगितलं जातं त्याला आधार नाही. ओरिजेन हा स्वतः ख्रिस्ती विद्वान, ज्याच्या बापाला छळात मारलं, तो साधारण २४८ च्या सुमारास लिहितो की विश्वासापायी मेलेले थोडे आहेत, सहज मोजता येतील एवढे. नंतरच्या छळात आकडा वाढला, तरी मोठा आकडा फुगवून सांगितल्याने पर्पेच्युआ मोठी होत नाही, ती आहे तेवढी पुरेशी मोठी आहे.

चौकस

तिघांचेही आभार, वसईकर तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण माझा दुसरा प्रश्न अजून उभाच आहे. सरकार उलटं फिरलं कसं?

रानवारा

माझ्या मते सरकार फिरलंच नाही, देव बदलला. राज्य टिकतं ते देवाच्या कृपेने आणि ती कृपा सांभाळणं हे सम्राटाचं काम, ही समजूत डेसियसची पण होती आणि कॉन्स्टंटाइनची पण. ह्याचा पुरावा कॉन्स्टंटाइनच्या आधीच मिळतो. डायोक्लिशियनने ३०३ च्या २३ फेब्रुवारीला निकोमीडियाचं चर्च पाडलं, पोथ्या जाळल्या, सगळ्यात मोठा छळ सुरू झाला, त्यात सगळ्यात कडवा माणूस त्याचा सहसम्राट गॅलेरियस. तोच गॅलेरियस ३११ च्या ३० एप्रिलला, मरायला टेकलेला असताना, आदेश काढतो की हे लोक काही केल्या ऐकत नाहीत, आता ते आपल्या देवांना पण पूजत नाहीत आणि भीतीमुळे त्यांच्या देवाला पण नाही, म्हणून त्यांना परवानगी देतो, पण त्यांनी आमच्या आणि राज्याच्या कल्याणासाठी त्यांच्या देवाची प्रार्थना करावी. काही दिवसांत तो गेला. ह्यात धर्मांतर नाही, प्रेम नाही, एवढंच की एक देव कोणाच्या प्रार्थनेविना राहणं राज्याला परवडणारं नाही. कॉन्स्टंटाइन पुढच्या वर्षी रोमजवळची मिल्वियन पुलाची लढाई जिंकला, ३१३ मध्ये मिलानला सहसम्राट लिसिनियसबरोबर बोलणं होऊन सगळ्या धर्मांना मोकळीक मिळाली, जप्त मालमत्ता परत मिळाली. लक्षात घ्या, सगळ्या धर्मांना. राजधर्म तेव्हा झालेला नाही.

आणि मग उत्तर आफ्रिकेचं प्रकरण बघा, त्यात सगळं येतं. १९ मे ३०३, सिर्ता शहर, आजचं अल्जीरियातलं कॉन्स्टंटीन. नगराध्यक्ष मुनाटियस फेलिक्स ख्रिश्चन जमायचे त्या घरावर झडती घेतो आणि पंचनामा होतो: सोन्याचे प्याले २, चांदीचे ६, चांदीचे दिवे ७, बायकांचे अंगरखे ८२, पुरुषांचे १६, बायकांच्या पायताणांचे ४७ जोड, पुरुषांचे १३. उघडच आहे की हे गरिबांना वाटायचे कपडे होते. बिशप आणि बाकीची मंडळी गप्प उभी. मग पोथ्या शोधायला वाचकांच्या, म्हणजे चर्चमध्ये पोथी वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरोघरी. कोडेओच्या घरी त्याची बायको सहा पोथ्या आणून देते, तरी सरकारी गुलाम आत जाऊन घर तपासतो. सिल्व्हॅनस नावाचा उपसेवक चांदीची पेटी आणि दिवा स्वतः शोधून काढून देतो, म्हणतो पिंपामागे सापडला.

छळ संपल्यावर ज्यांनी अशा पोथ्या दिल्या त्यांच्या हातून मिळालेलं बिशपपद खरं का खोटं ह्यावर आफ्रिकेत चर्चचे दोन तुकडे झाले. एका गटाचा बिशप सेसिलियन, त्याला कॉन्स्टंटाइनने ३,००० फोलिस (तेव्हाचं रोमन चलन) पाठवले आणि पाद्र्यांना नगराच्या सक्तीच्या कामातून सूट दिली. दुसरा गट, ज्यांना पुढे डोनॅटिस्ट म्हणायला लागले, ते तक्रार घेऊन गेले कोणाकडे, तर सम्राटाकडेच, ३१३ मध्ये! रोमला बिशपांनी निवाडा दिला, मान्य नाही. ३१४ मध्ये आर्लला मोठी सभा झाली, मान्य नाही. त्या काळातल्या एका पत्रात कॉन्स्टंटाइन म्हणतो की असली भांडणं चालू राहिली तर परमदेवाचा कोप माझ्यावर पण होईल ज्याने मला हे राज्य सोपवलंय. शब्द बदला, डेसियसच दिसेल. ३१७ च्या सुमारास चर्च ताब्यात घ्यायला सैनिक गेले, ख्रिश्चन सम्राटाच्या राज्यात ख्रिश्चन मेले, ३२१ ला त्याने नाद सोडला. पुढे ३४७ मध्ये सम्राटाचे दूत पैसे वाटायला आले तेव्हा डोनॅटसने विचारलं, सम्राटाचा चर्चशी काय संबंध? आणि तो सिर्ताचा पंचनामा आपल्याला का मिळतो माहितीये? ३२० मध्ये तो कोर्टात वाचला गेला, कारण सिल्व्हॅनस आता डोनॅटिस्टांचा, म्हणजे शुद्ध म्हणवणाऱ्यांचा, बिशप होता.

मीनल_वाचते

हे फार छान मांडलंत, पण 'देव बदलला' एवढ्यावर मी थांबणार नाही. एक गोष्ट खरोखर नवी होती. जुन्या व्यवस्थेत सम्राट स्वतःच सगळ्यात मोठा पुजारी, देवळाच्या पुजाऱ्याने सम्राटाला अडवायचा प्रश्नच येत नव्हता. चर्च मात्र अडीचशे वर्षं सरकारविना उभं राहिलेलं, त्याचे स्वतःचे बिशप, स्वतःचा पैसा, स्वतःचं न्यायदान. म्हणून कॉन्स्टंटाइनचा मुलगा कॉन्स्टंटियस जेव्हा बिशपांवर आपलं मत लादायला लागला तेव्हा कॉर्डोव्हाचा म्हातारा बिशप होसियस, जो निकेयाच्या सभेत होता, त्याने लिहिलं की देवाने राज्य तुझ्या हातात दिलंय आणि चर्चचं काम आमच्या, तू आमच्यात ढवळाढवळ करू नकोस. अलेक्झांड्रियाचा बिशप अथेनेशियस, त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. (निकेयाबद्दल एक अवांतर, ३२५ च्या त्या सभेत बायबलची पुस्तकं निवडली असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खोटं आहे, वाद येशू आणि पिता ह्यांच्या नात्याबद्दल होता.)

पण ती ताकद कशी वापरली जाते हे बघायला अँब्रोज बघा, मिलानचा बिशप. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने निकेयाची श्रद्धा सगळ्यांना लागू केलेली. ३८४ मध्ये रोमचा नगरप्रमुख सिमॅकस, जुने देव मानणारा, विनंती करतो की सिनेटमधली विजयदेवीची वेदी परत बसवा, एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने जाता येत नाही. अँब्रोज ते होऊ देत नाही. ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकमला तिथल्या बिशपच्या चिथावणीने ज्यूंचं सिनेगॉग जाळलं, सम्राट म्हणाला बिशपने भरून द्यावं, जे न्यायाचं होतं, आणि अँब्रोजने भर चर्चमध्ये अडवून आदेश मागे घ्यायला लावला. ३९० मध्ये थेस्सलोनिकात एका सेनाधिकाऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून सैन्याने हजारोंची कत्तल केली, तेव्हा ह्याच अँब्रोजने सम्राटाला पत्र लिहून कळवलं की तू पश्चात्ताप केल्याशिवाय तुझ्यासमोर मी अर्पणविधी करणार नाही, आणि थिओडोसियसने राजवस्त्रं उतरवून लोकांदेखत पश्चात्ताप केला. एकच बिशप, एकच सम्राट, दोन वर्षांचं अंतर. मला दुसऱ्या प्रसंगाचा अभिमान वाटतो आणि पहिल्याची लाज, आणि कुठलाही एक वगळून ही गोष्ट सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

वसईकर

मीनलताई, शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. एक बाजू राहिली ती लिहितो, साम्राज्याच्या बाहेरच्या ख्रिश्चनांची. रोम ख्रिस्ती झाल्याची किंमत इराणमधल्या ख्रिश्चनांनी मोजली. जोवर रोम त्यांना छळत होता तोवर इराणच्या शहाला त्यांची फारशी अडचण नव्हती. कॉन्स्टंटाइनने शहा शापूरला पत्र लिहिलं की तुमच्याकडच्या ख्रिश्चनांची काळजी घ्या, आणि मग ते शत्रूची माणसं ठरले. ३४० च्या आसपास शापूरने युद्धासाठी त्यांच्यावर दुप्पट कर लावला, बिशप शिमोनने वसूल करून द्यायला नकार दिला, त्याला आणि बऱ्याच जणांना मारलं. कारण दिलं गेलं ते असं की हे राहतात आपल्या देशात आणि मन त्यांचं कैसराकडे. शेवटी ४२४ मध्ये तिथल्या चर्चने ठरवलं की आपला प्रमुख पश्चिमेकडच्या कोणाला जबाबदार नाही.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी लिहितो की मलबारात ख्रिस्ती मंडळी आहे आणि कॅलियाना नावाच्या गावी इराणहून नेमून आलेला बिशप आहे. ही कॅलियाना म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात, सगळे मानत नाहीत. पोर्तुगीज वसईत यायच्या हजार वर्षं आधीची गोष्ट. भारतातल्या त्या जुन्या मंडळींचा धागा रोमच्या सम्राटाशी नव्हता, ज्या चर्चला कुठलाच सम्राट आपला म्हणायला मिळाला नाही त्याच्याशी होता.

चौकस

हे शेवटचं तर मी कधीच ऐकलं नव्हतं. वसईकर, इराणच्या चर्चवर आणि कॅलियानावर वेगळा धागा काढा ना, कोकण किनाऱ्यावर आणखी काय खुणा सापडल्यात ते पण लिहा त्यात. डोनॅटिस्टांचं पुढे काय झालं तेवढं कोणी सांगेल का?

रानवारा

थोडक्यात सांगतो. ४११ मध्ये कार्थेजला सम्राटाच्या प्रतिनिधीपुढे दोन्ही बाजूंचे बिशप समोरासमोर बसले, प्रत्येक बाजूचे अडीचशेच्या वर. निकाल डोनॅटिस्टांच्या विरोधात गेला, ४१२ मध्ये त्यांच्यावर दंड आणि बंदी. आफ्रिकेतलाच हिप्पोचा बिशप ऑगस्टीन आधी सक्तीच्या विरोधात होता, पण दंडाच्या भीतीने लोक परत येतायत हे बघून त्याने सक्तीचं समर्थन केलं, आणि पुढची हजार वर्षं युरोपात जो कोणी धर्माच्या नावाने सक्ती करायचा तो त्याचे दाखले द्यायचा. तरी डोनॅटिस्ट गावागावांत तग धरून होते, सहाव्या शतकाच्या शेवटी पण पोप ग्रेगरीच्या पत्रांत त्यांच्या तक्रारी आहेत.